वेणूबाईंच्या माडीवरची बाळंतीण

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात हुबळीच्या दाजीबानपेठेत एकच कुजबूज होती. वेणूबाई मुधोळकरांच्या माडीवर म्हणे एक बाळंतीण आहे. माडीवर भाडेकरू एकटाच, आणि तोही सडाफटिंग. यशवंत हल्याळकर, धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा मास्तर. मग बाळंतीण कोणाची? कोणी म्हणे गोव्याहून आणलीय, कोणी म्हणे त्याच्याच कॉलेजातली आहे. समोरच्या शांताबाई तर गळ्याला चिमटा घेऊन सांगायच्या, "सकाळी तान्ह्याचं रडणं ऐकलंय मी. एवढंसं, चिरकं. अशक्त असणार बिचारं."

मी त्या वेळी तीन घरं सोडून राहत होतो. ऐकलेलं पोटात ठेवायची सवय मला तेव्हाही नव्हती आणि आता तर पोटात काहीच ठरत नाही. पण ही गोष्ट नीट सांगायची तर मुळापासून सांगावी लागेल, आणि मूळ आहे दुर्गदबैलात, कापडाच्या दुकानात.

यशवंतचे वडील पांडुरंगअप्पा हल्याळकर. इरकली लुगडी आणि खणांचं दुकान. माणूस करडा, आवाज खणखणीत, आणि जगात वैरी एकच, उंदीर. दुकानात तो शब्दसुद्धा चालत नसे. 'ते' म्हणायचं. काल 'ते' येऊन गेले. 'ते' मांजरपाटाच्या गठ्ठ्यात शिरले. सापळ्यात एखादा सापडला की अप्पा गल्ल्यावरून उठून थेट रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहत, आणि नोकराने सापळा बाहेर नेल्यावरच परत येत. हात लावणं तर सोडाच, त्याच्याकडे बघणंही त्यांना जमत नसे.

अशा माणसाच्या पोटी यशवंत आला. पोर जन्मजात भित्रं. गिऱ्हाईक जरा मोठ्याने बोललं की याच्या पोटात कळ. छप्पन साली मॅट्रिकचा पहिला पेपर होता, तेव्हा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर ओळखीच्या जितक्या घरी परसदार होतं, तितक्या घरी तो थांबला. पास झाला, चांगले मार्कही पडले. त्याच साली आमचा मुलूख मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात ठेवला, तेव्हा हा वडिलांना विचारायला गेला, "अप्पा, माझा निकाल आता धरतील ना?" भिण्यासारखं काही नसेल तर हा शोधून काढायचा.

पण या भित्रेपणाचं त्याने काय केलं बघा. पुढे प्राणिशास्त्र घेतलं आणि एकच प्रश्न धरून बसला: भीती डोक्याला वाटते, मग पोटाला आधी कसं कळतं? उत्तर पुस्तकात सापडलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. माणूस किंवा जनावर घाबरलं की तिच्यातून एक रस रक्तात उतरतो आणि सगळं अंग कामाला लावतो. हे त्याने मोठ्या आनंदाने जेवताना वडिलांना सांगितलं.

"टोपी?" अप्पा म्हणाले. "मूत्रपिंडावर?"

"हो अप्पा."

"गांधी टोपी की काळी?"

त्यानंतर त्याने घरात शास्त्र काढलं नाही.

पीएच.डी.साठी त्याने याच रसाचा विषय घेतला. मार्गदर्शक होते डॉ. गुरुराज हेब्बळ्ळी, जाड चष्मा, धारवाडी कानडी आणि तोडकं मराठी, रागावले तर इंग्रजी. प्रयोग ऐकायला सोपा होता. पांढऱ्या उंदरांची नवजात पिलं घ्यायची. एका उंदरिणीच्या पिलांना पहिले तीन आठवडे रोज थोडा वेळ हातात घ्यायचं, मऊ फडक्याने चोळायचं, परत ठेवायचं. दुसरीच्या पिलांना कोणीही बोट लावायचं नाही. दोन्हीकडची पिलं मोठी झाली की एकेकाला मोठ्या उघड्या पेटीत सोडायचं आणि बघायचं, कोण बिनधास्त फिरतं, कोण कोपऱ्यात थिजून बसतं. मग शेपटीतून थोडं रक्त घेऊन तो भीतीचा रस मोजायचा. यशवंतचा तर्क असा की हाताळलेली पिलं पुढे धीट निघतील.

वर्षं चालली होती. कधी उंदीर मेले, कधी पेटी ओली झाली, कधी शिपायाने कुरमुरे घातले. गुरुराज सरांनी शेवटी सांगितलं, "हल्याळकर, पुढच्या मार्चपर्यंत प्रबंध नाही आला तर नोंदणी रद्द. आणि नोंदणी गेली की तुमची ही हंगामी नोकरीपण, हौदु, होय, गेलीच समजा."

सदुसष्टच्या एप्रिलात दोन उंदरिणी एकाच दिवशी व्याल्या. आणि त्याच दिवशी कंत्राटदाराने प्राण्यांच्या खोलीचं छप्पर दुरुस्तीला काढलं. हातोड्याचा धाडधाड आवाज, आणि खाली भीतीवरचा प्रयोग! यशवंतने दोन्ही पिंजरे चादरीत गुंडाळले आणि हुबळीच्या बसमध्ये चढला. कंडक्टरने चादर उचलून बघितली.

"हे कोण?"

"कॉलेजचे आहेत."

"मग पास दाखवा यांचे."

आधी तो अप्पांकडे दुकानातच गेला होता. अप्पांनी चादरीतून आलेली चूंचूं ऐकली, आणि गल्ल्यावरून न उठता मुलाला रस्ता दाखवला. 'ते' स्वतःच्या हाताने, चादरीत घालून, बसने आणणारा मुलगा! त्यापेक्षा दारू प्यायला असतास तर बरं होतं, असं म्हणाले असं ऐकलं. मग यशवंत दाजीबानपेठेत वेणूबाईंच्या माडीवर भाड्याने आला. कंत्राटदार छप्पर काढून जो गेला तो त्या वर्षी परत आलाच नाही, म्हणून उंदीरही तिथेच राहिले.

आता वेणूबाई. विधवा, दोन्ही लेकी बेळगावला दिलेल्या. पेठेत त्यांचं नाव होतं ते न्हाऊ घालण्यासाठी. बाळंतीण आणि तान्हं पोर यांना वेणूबाईंसारखं न्हाऊ घालणारी बाई हुबळीत दुसरी नाही, असं सासवाच नव्हे तर सुनाही म्हणत. पायावर पोर घ्यायचं, कोमट तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी, मग ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. निम्मी पेठ त्यांच्या पायांवर पालथी पडून मोठी झालेली. पण अलीकडे तरण्या सुना दवाखान्यात बाळंत व्हायच्या आणि डब्यातली पावडर लावायच्या. वेणूबाईंचे हात रिकामे पडले होते.

माडीवर दोन पिंजरे आले तेव्हा त्या वर गेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय हे, मास्तर?"

"अक्का, पिलं आहेत. कालच झाली."

"दोघी एकदमच बाळंत?" वेणूबाईंचा चेहराच बदलला. "पहिलटकरणी आहेत होय?"

उजव्या पिंजऱ्यातलं एकेक पिलू यशवंत हातात घ्यायचा, फडक्याने चोळायचा, जपून परत ठेवायचा. वेणूबाई रोज दाराशी बसून हे बघायच्या आणि मान डोलवायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्याने राहवेना.

"आणि ही डावीकडची? ह्यांनी काय पाप केलंय?"

"त्यांना हात लावायचा नाही, अक्का."

"का? सावत्र आहेत?"

"तोच तर प्रयोग आहे. एकांना माया, एकांना नाही. मग बघायचं पुढे कोण घाबरतं."

"हा प्रयोग म्हणायचा होय रे? आमच्यात ह्याला जाच म्हणतात."

"अक्का, शास्त्र आहे ते. शपथ सांगतो, डाव्या पिंजऱ्याला हात लावू नका. माझी डिग्री त्याच्यावर आहे."

वेणूबाईंनी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते यशवंतने विचारलं नाही. तो सकाळी धारवाडला गेला की संध्याकाळीच यायचा.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी डावा पिंजरा हाताशी घेतला. पिलू ते केवढं, शेंगदाण्याएवढं. पण हात सरावलेला. पाय पसरून बसायच्या, पायाऐवजी पोटरीवर पिलू पालथं घालायच्या, करंगळीच्या टोकाने तेल, चिमूटभर डाळीचं पीठ, वाटीभर कोमट पाणी. मग फडक्यात गुंडाळून धुपाटण्यावर धरायच्या. 'हल्याळकरांच्या, न्हालास ना रे,' असं म्हणत कपाळाला काजळाचं बोट. पांढऱ्या पिलावर ते छान दिसायचं. यशवंत यायच्या आत पुसून टाकायच्या. उंदरिणीला ओवा, खोबरं आणि गुळाचा खडा. एरवी पिलाचा वास बदलला की उंदरीण ते खाऊन टाकते, असं यशवंतने मला पुढे कधीतरी सांगितलं. पण वेणूबाईंसमोर भल्याभल्या बाळंतिणी गप्प बसलेल्या, तिथे ही काय बोलणार!

आणि धुरी लपत नाही हो. आमच्याकडे रस्त्याने जाता जाता नुसत्या वासावरून कळतं, की अमक्याच्या घरी बाळंतीण आहे. ओवा-शेपांचा तो वास सकाळी नऊला वेणूबाईंच्या माडीच्या खिडकीतून खाली उतरायला लागला. शांताबाईंनी वाण्याकडे चौकशी केली. बाळंतशेपा गेल्या होत्या, ओवा गेला होता, डिंकसुद्धा. झालं. आधी नुसतं डोळे मिचकावणं, मग आडून विचारणं, मग सरळ सहानुभूती. पाचवीला कोणी काही पाठवलं नाही, पण बाराव्या दिवशी कोणीतरी वेणूबाईंच्या उंबऱ्यावर एक टोपडं ठेवून गेलं. कुंचीही आली. एकीने अंटिनुंडी पाठवली, डिंकाच्या लाडवांना इकडे तेच म्हणतात. वेणूबाईंनी लाडू घेतले, खाल्ले, उंदरिणीला दिले आणि कोणाकडेही कसला खुलासा केला नाही. सांगितलं असतं तर यशवंतला कळलं असतं.

यशवंतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रस्त्याने जाताना बायका त्याच्याकडे बघून हळहळतात, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ त्याने असा लावला, की नोंदणी रद्द होणार हे पेठेत फुटलं आहे.

पिलं मोठी झाली. ऑगस्टात कॉलेजात पेटी मांडली, एकेक उंदीर सोडला, रक्ताचे नमुने बर्फात घालून मोजणीसाठी पुण्याला पाठवले. आणि निकाल आला तो सगळा उलटा. ज्यांना फडक्याने चोळलं ते उजवे उंदीर ठीक होते, बेताचे धीट. पण ज्यांना कोणी बोट लावलं नव्हतं, ते डावे? ते पेटीत शिरले ते पाटलासारखे. मधोमध बसून मिश्या पुसल्या. गुरुराज सरांनी टाळी वाजवली तर त्यांच्याकडे बघून घेतलं. एकजण त्यांच्या बाहीत शिरला आणि तिथेच झोपला. भीतीचा रस तर त्यांच्या रक्तात नावालाच.

"हल्याळकर," सर म्हणाले, "तुमचा तर्क उल्टा. मायेनं जनावर भित्रं होतं. ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो शूर! हे नवीन आहे. जगात कोणी असं म्हटलेलं नाही."

यशवंत आठवडाभर जमिनीवर नव्हता. डिसेंबरात एक मोठी परिषद भरायची होती. तिच्यासाठी निबंध गेला, स्वीकारला गेला. प्रबंधाची प्रस्तावनाही लिहून झाली. मार्च म्हणजे आता काहीच नाही.

फक्त सरांना एक शंका राहिली. उजेड, वारा, आवाज, दोन पिंजऱ्यांत काहीतरी फरक तर नसेल? तेव्हा ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुट्टीत ते स्वतः हुबळीला आले, माडीवर चढले आणि खिडक्या मोजू लागले.

इकडे पेठेतलं बाळही मोठं होत होतं बरं का. शांताबाईंचा हिशोब पक्का. आता पालथं पडत असेल, आता बसत असेल. ऑक्टोबरात त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांचं झालं की हो. उष्टावण नको करायला?" हे बोलणं फिरत फिरत दुर्गदबैलात पांडुरंगअप्पांच्या कानावर गेलं. रागाने माणूस लालबुंद झाला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सराफाकडून चांदीची वाटी आणि चमचा घेऊन, धोतर सावरत, दाजीबानपेठेत येऊन माडीचा जिना चढला.

गुरुराज सर खिडकीशी, यशवंत पिंजऱ्यांशी. अप्पा दारात धापा टाकत उभे.

"सूनबाई कुठाय?"

"कोण?" यशवंत म्हणाला.

"लपवू नकोस. जात विचारायला आलो नाही मी. गोव्याची असेना का. पोराचं तोंड दाखव आधी."

"अप्पा, कसलं पोर?"

"सहा महिन्यांचं झालं, आणि तोंडाला खीर नाही अजून? हल्याळकरांच्या घरात असं कधी झालं नाही!"

गुरुराज सरांनी चष्मा काढला. "हल्याळकर, तुमचं लग्न कधी झालं? मला सांगितलं नाही ते?"

"झालं नाही, सर!"

"अय्यय्यो," सर म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

यशवंतच्या समोर वडील, पाठीशी सर. एवढ्यात वेणूबाई पाण्याचे पेले घेऊन वर आल्या. सगळं जिन्यातच ऐकलेलं.

"पांडुरंगअण्णा, बसा," त्या म्हणाल्या. "एक पोर नाही. आठ आहेत."

"आठ?" अप्पांच्या हातातला चमचा पडला.

"ही बघा." त्यांनी डावा पिंजरा दाखवला. अप्पा जिन्याच्या चार पायऱ्या उतरूनच थांबले, आणि तिथून ऐकत राहिले. "मीच न्हाऊ घातलंय सगळ्यांना. तेल, पीठ, धुरी. तो वास घेऊन ह्या शांतेनं गावभर बारसं केलं. तुमचा मुलगा सोन्यासारखा आहे. त्याच्यापाशी बाई नाही की पोर नाही. त्याला बाईमाणूस दिसलं तरी तो भिंतीकडे बघतो, हे मी कुठेही सांगेन."

अप्पांनी पायरीवरच बसकण मारली. सुटलो म्हणून हसावं की नातू गेला म्हणून रडावं, ते त्यांना ठरवता येईना. यशवंतला मात्र वडील दिसतच नव्हते.

"अक्का," तो हळू म्हणाला, "कुठल्या पिंजऱ्यातल्यांना?"

"डाव्या. उजव्यांचं तू करतच होतास की."

"रोज?"

"रोज कसं? अमावास्येला तेल लावत नाहीत. तेवढी सोडली."

गुरुराज सर यशवंतच्या खाटेवर बसले.

"म्हणजे आपण," ते म्हणाले, "एका न्हाण्याची तुलना दुसऱ्या न्हाण्याशी केली. आणि ह्या बाईंचं न्हाणं आपल्यापेक्षा चांगलं, एवढं सिद्ध झालं."

"मग झालं तर चांगलंच," वेणूबाई म्हणाल्या.

"बाई, ह्याची डिग्री गेली!"

आता कुठे वेणूबाईंच्या ध्यानात आलं. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या मटकन बसल्या. सरांनी खोलीभर नजर फिरवली. निबंध गेलेला, परिषद तोंडावर, आणि खरं काय ते या चौघांनाच माहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि यशवंतकडे न बघता म्हणाले, "तुमचं काम आहे, हल्याळकर. तुम्ही सांगा."

जन्मभर ज्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं, तो यशवंत भिंतीला टेकून उभा होता.

"निबंध मागे घेतो, सर," तो म्हणाला. "पुन्हा करू. मार्चपर्यंत होईल. दोन उंदरिणी गाभण आहेत." आणि एवढं बोलून तो परसात पळाला.

तो परत वर आला तेव्हा विचार सुरू झाला. पुन्हा करायचं तर खरं, पण कुठे? कॉलेजच्या खोलीला आकाशाचं छप्पर. सरांच्या घरी त्यांच्या बायकोच्या मांजरी. आणि माडीवर वेणूबाई. त्यांना यशवंतने देवासमोर वचन मागितलं तर म्हणाल्या, "वचन मी देईन रे. पण हातांचं मी कसं सांगू?" दोन्ही पिंजरे एकाच जागी हवेत, सारखा उजेड, सारखा वारा. आणि निम्म्या पिलांना कोणीही, चुकूनसुद्धा, हात लावता कामा नये. असा माणूस हुबळीत आहे कोण?

यशवंत, सर आणि वेणूबाई, तिघांच्याही माना एकदमच जिन्याकडे वळल्या.

"दुकानात?" अप्पा ओरडले. "'ते'? माझ्या दुकानात? आपण होऊन?"

"अप्पा, तुम्ही हात लावणार नाही याची खात्री आहे."

"हात? मी त्या बाजूला बघणारसुद्धा नाही!"

"तेच हवंय, अप्पा."

कसे तयार झाले देव जाणे. चांदीची वाटी परत खिशात घालून उतरताना एवढंच म्हणाले, "पिंजऱ्याला दोन कुलुपं लाव." नोव्हेंबरात दुर्गदबैलातल्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत पिंजरे आले. खोलीच्या दाराला पाठ करून अप्पा बसायचे, पहारेकरी. यशवंत सकाळी येऊन उजव्या पिलांना चोळून जायचा. शेजारचे दुकानदार हसून हसून आडवे. अंबूताई म्हणून जुन्या गिऱ्हाईक होत्या, त्या म्हणाल्या, "अण्णा, खणाबरोबर आता एक-एक फुकट देता का?"

वेणूबाई आल्याच. दोनदा आल्या. एकदा लुगडं बघायच्या निमित्ताने, पदराखाली तेलाची वाटी.

"काय दाखवू, बाई?"

"आतलं दाखवा जरा. आतला माल."

"आतला माल विकायचा नाही."

"अण्णा, थंडी पडलीय हो. अंगावर कातडं नुसतं. निदान कोपऱ्यात धुरी तरी ठेवू द्या."

"बाई, माझ्या मुलाची डिग्री आहे आत. घरी जा."

बघा बरं. जन्मभर मुलाच्या शास्त्राची चेष्टा केली, आणि आता 'डिग्री' हा शब्द हाच माणूस रस्त्यात ऐकू जाईल असा उच्चारत होता.

फेब्रुवारीत पेटी दुकानाच्या मागच्या खोलीतच मांडली. या वेळी हाताळलेले उंदीर पेटीभर फिरले. न हाताळलेले मात्र कोपऱ्यात चिकटले, अंग चोरून, श्वास धरून. अप्पा दाराच्या फटीतून बघत होते. बघणार नाही म्हणालेले, पण बघत होते.

"हा कोपऱ्यातला असा का?" त्यांनी विचारलं.

"याला कोणी घेतलं नाही, अप्पा. लहानपणी."

"म्हणजे हातात घेतलं असतं तर भ्याला नसता?"

"उंदरांचं तसं दिसतंय. माणसांचं मी सांगू शकत नाही."

अप्पांनी एक खण उचलला, घडी मोडली, पुन्हा घातली.

"तुझी आज्जी होती तेव्हा," ते म्हणाले. "वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायची पद्धत नव्हती. लाज वाटायची."

"हो, अप्पा."

"आणि दुकानात गिऱ्हाईक असायचं."

"हो, अप्पा."

"आता काय, तू उचलण्यासारखा राहिला नाहीस," असं म्हणून ते गल्ल्यावर जाऊन बसले, आणि पहिल्याच गिऱ्हाइकावर उगाच खेकसले.

प्रबंध मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेला. वर्षाने पदवी मिळाली. त्यात नवीन असं काही नव्हतं. परदेशात कोणीतरी हे आधीच सांगून ठेवलं होतं. 'शूर तो ज्याच्याकडे कोणी बघत नाही' हा जगाला धक्का देणारा निबंध मात्र गेला तो गेलाच. नोकरी कायम झाली. पुढे इंदुमती नावाची मुलगी सांगून आली. मुलीच्या मावशीला कोणीतरी माडीवरच्या बाळंतिणीचं कानावर घातलं, तर ती म्हणाली, "बरंच की. निदान एक खात्री झाली." लग्न झालं. यशवंतने पुढे पंचवीस-तीस वर्षं भीतीचा रसच मोजला. उंदरांचा, खारींचा, परीक्षेच्या आधी पोरांचा. दहा-बारा जणांना पीएच.डी. दिली. निवृत्तीनंतर उणकलला घर बांधलं, तळ्याच्या बाजूला. रिक्षाने मागून भोंगा वाजवला की अजून बिचारा गटाराच्या कडेवर चढतो. स्वतःच्या दोन्ही मुलींना मात्र त्याने वडिलांसमोर, भर दुकानात, कडेवर घेऊन फिरवलं. अप्पा तोंडाने "अरे, अरे" म्हणत, आणि मग दोघींनाही गल्ल्यावर बसवून घेत.

वेणूबाई बहात्तर साली गेल्या. शांताबाई पुष्कळ जगल्या, आणि शेवटपर्यंत भेटेल त्याला विचारत राहिल्या, की हल्याळकर मास्तरांचं ते पहिलं पोर आता कुठं असतं? कोणी म्हणे गोव्यात आहे, कोणी म्हणे मुंबईत नोकरीला लागलंय. दाजीबानपेठेत आजही एक-दोन म्हातारे असे आहेत, की जे ते रडणं आपल्या कानांनी ऐकल्याचं सांगतात.

त्या माडीवर बाई कधीच राहिली नव्हती. दोन पांढऱ्या उंदरिणी होत्या आणि वेणूबाईंनी त्यांतल्या एकीच्या पिलांना तेल लावून धुरी दिली होती. तान्ह्याचं रडणं कोणीही ऐकलेलं नव्हतं.